पन्नास पुंगळ्या आणि एक जुनी रायफल: .४१६ टेलरचं पितळ घडवताना

आमच्या शेजारच्या आजोबांना माझ्या मुली ग्रँपा म्हणतात, म्हणून मी आणि बायकोही तेच म्हणतो. वय ८४, उभं आयुष्य टूलरूममध्ये लेथवर गेलेलं. डेन्व्हरच्या उत्तरेला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. ऑक्टोबर २०२३ मधल्या एका रविवारी त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं आणि कपाटातून एक रायफल काढून माझ्या हातात दिली.

"माझा खांदा आता हिला सोसत नाही. तू घे. पण भिंतीवर टांगायला देत नाहीये, हिच्यानं एकदा तरी एल्कच्या मागे जायचं."

एल्क म्हणजे सांबराच्या घडणीचं, पण अंगानं थोराड असं इथलं डोंगरातलं हरिण. ग्रँपांबरोबर मी दोन हंगाम सामान वाहायला डोंगरात गेलो होतो, शिकार कधी केली नव्हती. रायफल त्यांनी १९८६ साली एका गनस्मिथकडून माउझर ९८च्या ॲक्शनवर, म्हणजे काडतूस भरणाऱ्या-झाडणाऱ्या यंत्रणेवर, बांधून घेतली होती आणि १९८८ मध्ये ती घेऊन झिम्बाब्वेला केप बफेलोच्या शिकारीला गेले होते. अक्रोडाचा दस्ता हाताला गुळगुळीत लागत होता. मी विचारलं, "काडतुसं कुठं मिळतील?" त्यांनी एक तंबाखूचा डबा पुढं केला. आत सात रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे झाडून झालेल्या काडतुसांची पितळी कवचं, होत्या. एकेक पुंगळी उजेडात धरून ते गळ्यावरून अंगठ्याचं नख फिरवत होते. चारांच्या गळ्याला चिरा होत्या.

"मिळत नाहीत. करावी लागतात," ते म्हणाले.

हा लेख त्या ‘करावी लागतात’बद्दल आहे. मी सुरुवात केली तेव्हा मराठीत यावर एक ओळ सापडली नव्हती. इंग्रजीत जे सापडलं ते सगळं आधीच येणाऱ्या माणसांनी एकमेकांसाठी लिहिलेलं होतं. अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात अशा जुन्या बंदुका कुणा सासऱ्याकडून, शेजाऱ्याकडून हातात आलेले आपले लोक आहेत, त्यांच्यासाठी हे. भारतातल्या वाचकांनी कुतूहल म्हणून वाचावं. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९५९ चा शस्त्र कायदा आहे, तिथे हे करून पाहण्याचा प्रश्नच येत नाही.

आधी थोडं नावाबद्दल. कुठल्याही मोठ्या कारखान्यानं बाजारात न आणलेलं, हौशी माणसांनी दुसऱ्या काडतुसाची पुंगळी दाबून किंवा फुगवून तयार केलेलं काडतूस, त्याला वाइल्डकॅट म्हणतात. .४१६ टेलर हे त्यातलंच एक. १९७० च्या दशकात रॉबर्ट चॅटफिल्ड-टेलर यांनी ते रूढ केलं, त्यांच्याच नावावरून टेलर. विंचेस्टरनं १९५६ मध्ये .४५८ विंचेस्टर मॅग्नम हे काडतूस आणलं होतं. त्याची पुंगळी जवळजवळ सरळ नळी असते, वर किंचित निमुळती. खांदा नाही, गळा नाही. तिचं तोंड ०.४५८ इंचाच्या गोळीवरून ०.४१६ इंचाच्या गोळीइतकं आवळलं की बाटलीसारखा खांदा आणि गळा तयार होतो आणि काडतूस लांबीला तेवढंच राहिल्यामुळे साध्या मापाच्या ॲक्शनमध्ये बसतं. ऐकायला एका वाक्याचं काम. मला त्याला दहा महिने लागले.

पहिले पाच महिने कागदांचे. इथे एच-१बी वर असलेल्यांनी नीट वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना अमेरिकेत बंदूक बाळगता येत नाही आणि काडतूसही बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना असणं वगैरे थोडे अपवाद आहेत. पण संघराज्य कायद्याच्या व्याख्येत ‘काडतूस’ या शब्दात रिकामी पुंगळी, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), गोळी आणि बंदुकीची दारू हे सुटे भागही येतात. म्हणजे ग्रँपांचा तो तंबाखूचा डबा आठवण म्हणून घरी आणला असता तरी, माझ्या जुन्या व्हिसावर, ते गुन्ह्यात मोडलं असतं. माझं ग्रीन कार्ड २०२१ मध्ये हातात आलं होतं म्हणून पुढचं शक्य झालं. आणि एक कळकळीची विनंती: भारतात जाताना बॅगेत रिकामी पुंगळीसुद्धा नेऊ नका. शूटिंग रेंजवर वापरलेली बॅग तर प्रवासाला घेऊच नका. विमानतळावर एखादं विसरलेलं काडतूस सापडलं की शस्त्र कायद्याचं कलम २५ समोर येतं आणि सुट्टी पोलीस ठाण्यात जाते.

कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं कार्ड असल्याशिवाय सहसा शिकारीचा परवाना मिळत नाही. मी जानेवारी २०२४ मध्ये ऑनलाइन अभ्यास पूर्ण केला आणि एका शनिवारी प्रत्यक्ष वर्गाला गेलो. वर्गात निम्मी मुलं बारा-तेरा वर्षांची होती, माझ्या शेजारी बसलेल्या मुलीनं मला कुंपण ओलांडताना बंदूक कशी ठेवायची ते दोनदा दाखवलं. तिच्यामुळे माझं अवघडलेपण गेलं.

मग हस्तांतरण. २०१३ पासून या राज्यात खासगी विक्रीही परवानाधारक दुकानदारामार्फत, पार्श्वभूमी तपासणी करूनच होते. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला दिली असं चालत नाही. ग्रँपांनी ९०० डॉलर घेतले. बंदुकीची खरी किंमत त्याच्या कितीतरी पट असावी, पण फुकट दिली तर तू तिची कदर करणार नाहीस, असं त्यांचं म्हणणं होतं. १४ मार्चला, गुरुवारी, आम्ही दोघं दुकानात गेलो. फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक घेणाऱ्याचा संघराज्य सरकारी फॉर्म, भरायचा. नागरिक नसलेल्यांना त्यात आपला ‘ए’ नंबर (ग्रीन कार्डवरचा इमिग्रेशनचा क्रमांक) लिहावा लागतो, तेव्हा ग्रीन कार्ड आणि सध्याचा पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र, दोन्ही सोबत न्या. माझ्या लायसन्सवरचा पत्ता जुना होता, म्हणून आम्हाला एक फेरी जास्त पडली होती. फॉर्मवर सही करताना हात थरथरत होता. सगळं खरं लिहिलेलं असूनही परदेशी माणसाला अशा काउंटरवर आपण काहीतरी चुकतोय असंच वाटत राहतं. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे प्रत्येक रकाना समजावला. तपासणी राज्याच्या ब्युरोकडून होते, ती तासाभरात आली. पण ऑक्टोबर २०२३ पासून तीन दिवस थांबण्याचा नियम आहे आणि रविवारी दुकान बंद, त्यामुळे रायफल सोमवारी, १८ तारखेला घरी आली. दुकानाची फी १० डॉलर.

घरी येण्याआधी तिजोरी आली होती. ही माझ्या बायकोची अट होती आणि ती बरोबर होती. मुलं असलेल्या घरात बंदूक कुलपात ठेवणं इथे २०२१ पासून कायद्यानंही बंधनकारक आहे. तिला हा सगळा प्रकार मनापासून आवडलेला नव्हता. आम्ही त्यावर दोन रात्री बोललो. शेवटी ती म्हणाली, "त्यांनी विश्वासानं दिली आहे, तर अर्धवट काही करू नकोस." पुढच्या सहा महिन्यांत कंटाळा आला की मला हे वाक्य आठवायचं.

एप्रिलमध्ये खरं काम सुरू झालं. नळीवर ‘.४१६ टेलर’ असं कोरलेलं होतं. मी त्यावर विसंबून डाय, म्हणजे पुंगळीला दाबून आकार देणारी पोलादी कुपी, मागवायला निघालो होतो. ग्रँपांनी थांबवलं. वाइल्डकॅटच्या बाबतीत नळीवरचं नाव म्हणजे गनस्मिथचा हेतू, खरं माप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, असतं. गनस्मिथनं वापरलेला रीमर (चेंबर कोरायचं हत्यार) कुणी, कुठल्या आराखड्यावरून घासला ते चाळीस वर्षांनी कुणाला माहीत. तेव्हा चेंबरचा साचा घ्यायचा.

त्यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो, बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियमचा. ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यातही. शिसं-कॅडमियम असल्यामुळे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकाची भांडी यांपासून लांब, गॅरेजचं दार उघडं ठेवून, आणि नंतर हात साबणानं धुवायचे. बंदूक रिकामी आहे हे दोघांनी पाहायचं, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) काढायचा, चेंबरच्या जरा पुढं नळीत कापडाचा घट्ट बोळा बसवायचा आणि मागून ओतायचं. गार होताना धातू आधी आक्रसतो, तेव्हाच, अर्ध्या तासाच्या आत, ठोकून बाहेर काढायचा. मग तो परत फुगू लागतो आणि ओतल्यापासून बरोबर एका तासाला चेंबरच्या मापाला येतो. मोजायचं तेव्हाच. मी पहिल्यांदा फोनवर बोलत बसलो आणि दीड तासानं मोजलं, ते माप टाकून पुन्हा वितळवलं.

दुसऱ्या वेळी गळ्याच्या जागी ४५० थाउ भरले. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना थाउ सांगायला नको, इतरांसाठी: एक इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन. हा आकडा मला हवा होता, कारण पुंगळीचं तोंड आवळलं की धातू कुठंतरी जाणार, आणि तो जाडीत जातो. गोळीचा व्यास सुमारे ९ टक्क्यांनी कमी होतो, तितकीच गळ्याची भिंत जाड होते. गोळी बसवल्यावर गळा चेंबरला घासू लागला, तर गोळी सुटताना गळ्याला फुलायला जागा राहत नाही आणि दाब धोकादायक पातळीवर जातो. अशा वेळी गळा बाहेरून तासून पातळ करावा लागतो. ते करावं लागणार की नाही, हे पुंगळ्या घडल्याशिवाय कळणार नव्हतं.

साच्याची मापं पाठवून डायचा दोन नगी संच मागवला, १४० डॉलर. सहा आठवडे सांगितले होते, नऊ लागले. पुंगळ्यांनी त्याहून जास्त पिडलं. .४५८ च्या नव्या पुंगळ्या एप्रिल आणि मे दोन्ही महिने कुठंच शिल्लक नव्हत्या. मी तीन ठिकाणी ‘आल्यावर कळवा’ करून ठेवलं आणि जूनमध्ये एका पहाटे मेल आला, तेव्हा ५० नग १३८ डॉलरला घेतले. पुंगळ्या साध्या पार्सलनं येतात. दारू आणि प्रायमर मागवले तर धोकादायक मालाची वेगळी फी पडते, म्हणून त्या गोष्टी जवळच्या दुकानातून आणा.

वाट पाहताना मी आखूड वाटेनं जाऊन पाहिलं. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यानं .३३८ विंचेस्टर मॅग्नमच्या दहा वापरलेल्या पुंगळ्या फुकट दिल्या. बूड तेच, बुडाजवळचा उंचवट्याचा पट्टा तोच, गळा मात्र बारीक. निमुळता दांडा आतून घालून गळा ०.३३८ वरून ०.४१६ पर्यंत फुगवायचा. दहापैकी तीन फुगवतानाच फाटल्या. उरलेल्या सातांची तोंडं वाकडी झाली आणि लांबीही कमी भरली, कारण रुंद होण्यासाठी लागणारा धातू लांबीतून येतो. ताणलेलं पितळ फाटतं, दाबलेलं पितळ बहुतेक वेळा ऐकतं. त्या सातांवर मी नंतर डाय बसवण्याचा सराव केला, एवढाच त्यांचा उपयोग झाला. पर्याय असेल तर फुगवण्यापेक्षा आवळणं निवडा, हे माझं स्पष्ट मत आहे.

२० जुलैला, शनिवारी सकाळी, पुंगळी डायमध्ये दाबायचा ग्रँपांचा जुना प्रेस, नवी डाय आणि पहिली पुंगळी. ग्रँपा खुर्ची टाकून शेजारी. जूनमध्ये त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यानंतर ते पहिल्यांदाच गॅरेजमध्ये आले होते.

पहिल्या पुंगळीला मी भरपूर वंगण चोपडलं. प्रेसचा दांडा खाली ओढला, पुंगळी बाहेर आली, छान गळा झालेला, पण खांद्यावर दोन पोचे. वंगण डायमध्ये कोंडलं जातं, त्याला जायला जागा नसते आणि तेच पितळाला आत ढकलतं. दुसऱ्या पुंगळीला म्हणून कमी लावलं. ती डायमध्ये अडकली. दांड्यावर मी जोर केला आणि बुडाची कड उखडली. पुंगळी आत, बूड तुटलेलं, सकाळचे साडेदहा. सोडवायची रीत अशी: बुडाच्या भोकातून ड्रिल घालायचं, पाव इंची आटे पाडायचे, वर पोकळ ठोकळा ठेवून त्या आट्यांत साधा बोल्ट आवळत जायचा, म्हणजे पुंगळी आटोपशीर वर ओढली जाते. आम्हाला दुपारचा एक वाजला. डायला ओरखडा आला नाही हे भिंग लावून पाहिलं तेव्हा मला भूक लागल्याचं कळलं. तुम्ही सुरुवात करत असाल तर ती पुंगळी काढायची किट आधीच घेऊन ठेवा, २५ डॉलरच्या आत येते. आणि वंगण बोटाच्या दोन पेरांवर घेऊन पुंगळीच्या अंगाला फिरवायचं, तोंडापाशी जवळजवळ नाही, दर पाच पुंगळ्यांनंतर डाय आतून पुसायची.

तिसरी, चौथी नीट आली. पाचवी, सहावी आणि आठवी खांद्यापाशी चुरगळल्या, ॲकॉर्डियनच्या भात्यासारख्या. वंगण बरोबर होतं, वेग बरोबर होता. ग्रँपांनी चुरगळलेली पुंगळी हातात घेऊन विचारलं, "नव्या पुंगळ्या मऊ केल्या होत्यास?" मी केल्या नव्हत्या. नव्या आहेत म्हणजे मऊच असतील, हे मी धरून चाललो होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि त्याचं कारण चुरगळलेलं पितळ नव्हतं. माझं आजोळ पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीतलं. माझे आजोबा, अप्पा, मठारकाम करायचे. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्या मागे बसून ठोक्यांचा आवाज ऐकायचो. सुरुवातीला ठोका दबका येतो, पत्रा नरम असतो. ठोकत ठोकत गेलं की आवाज टणक होत जातो आणि अप्पा हातोडी खाली ठेवून भांडं भट्टीकडे सरकवायचे. "आता हे ऐकणार नाही, तापवून आण." मला हे वयाच्या आठव्या वर्षी माहीत होतं. इंजिनिअरिंगला त्याला वर्क हार्डनिंग आणि अनीलिंग म्हणतात हे कळलं, परीक्षेत लिहिलं, आणि ४६ व्या वर्षी स्वतःच्या हातात पितळ आल्यावर विसरलो.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या सगळ्या पुंगळ्यांची तोंडं तापवली. पद्धत साधी, पण इथे घाई नको. पुंगळीचं बूड कधीही तापू द्यायचं नाही. सगळा दाब बूड आणि त्याच्या वरची जाड भिंत पेलते, ती कडकच राहिली पाहिजे. तो भाग मऊ झाला तर पुंगळी गोळी झाडताना फुटू शकते आणि गरम वायू नेमबाजाच्या तोंडावर येतो. ग्रँपांची जुनी रीत म्हणजे थाळीत निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरून पुंगळ्या उभ्या करायच्या, तोंडाला टॉर्चची ज्योत द्यायची आणि रंग पालटला की काडीनं आडवी पाडायची. मी पुंगळी एका सॉकेटमध्ये ठेवून ड्रिलवर हळू फिरवली, म्हणजे चारही बाजूंनी सारखी आच लागते. ठरावीक तापमानाला वितळणारा रंग मिळतो. ४०० अंश सेल्सियसचा गळ्याच्या आतल्या बाजूला आणि २४५ अंश सेल्सियसचा खाली अंगावर लावला. वरचा वितळला पाहिजे, खालचा नाही. पहिल्या दोन पुंगळ्यांवर सेकंद मोजले, मग त्या मोजणीवर बाकीच्या. खोलीत अंधार करा, तोंड लाल दिसू लागलं तर जास्त झालं.

मी प्रत्येक पुंगळी पाण्यात टाकत होतो. ग्रँपांना भेटायला आलेल्या त्यांच्या नातवानं विचारलं, पाण्यात टाकल्यावर कडक नाही का होणार? अप्पांना हाच प्रश्न मी विचारला होता. पोलाद विझवलं की कडक होतं, तांबं-पितळ होत नाही. पाणी फक्त आच खाली उतरू नये म्हणून.

मऊ केल्यानंतर एकही पुंगळी चुरगळली नाही. हातालाच फरक कळत होता. आधी दांडा अडखळत जायचा, आता एकसारखा, लोण्यात नाही पण ओल्या मातीत जावा तसा.

पुढचं काम सगळ्यात नाजूक आणि मला सगळ्यात आवडलेलं. या पुंगळीच्या बुडापाशी पट्टा असतो, तो चेंबरच्या काठावर टेकतो आणि पुंगळी किती आत जायची ते ठरवतो. बरेच जण त्यावरच भागवतात. पण पट्ट्यासाठी चेंबरमध्ये ठेवलेली जागा सैलसर असते. खांदा जर मागे दाबला गेला, तर झाडताना पुंगळी पुढं ताणली जाते, पट्ट्याच्या जरा वर भिंत पातळ होते आणि दोन-चार वेळा वापरल्यावर तिथेच तुटते. त्यामुळे खांदासुद्धा चेंबरच्या खांद्याला टेकला पाहिजे. डाय एकदम खाली बसवायची नाही. आधी उंच ठेवायची, गळा अर्धाच होऊ द्यायचा, रिकामी पुंगळी रायफलमध्ये घालून बोल्ट लावून पाहायचा. बंद होणार नाही. डाय आटीचा आठवा हिस्सा खाली, पुन्हा पुंगळी दाबायची, पुन्हा बोल्ट. असं करत करत एक वेळ येते जेव्हा बोल्टचा दांडा शेवटच्या घरात जाताना किंचित, जुन्या दाराच्या कडीसारखा, अडून बसतो. तिथे थांबायचं आणि डायची रिंग आवळायची. मला अकरा फेऱ्या लागल्या. बाराव्या फेरीला ग्रँपांनी स्वतः बोल्ट फिरवला, डोळे मिटून, आणि मान हलवली.

मग सगळ्या पुंगळ्या एका लांबीच्या कापायच्या, आतली-बाहेरची धार मोडायची, वंगण धुवायचं. धुताना एक काळजी: अमोनिया असलेलं पितळेचं पॉलिश अजिबात वापरू नका. यामागे आपल्याच मातीतली एक गोष्ट आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्करी तळांवर काडतुसं तबेल्यात साठवलेली असत आणि पावसाळ्यात त्यांच्या पुंगळ्यांना आपोआप चिरा पडत. त्याला इंग्रजीत ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत पितळावर बसायचा आणि दाबून घडवलेल्या पितळात कोंडलेला ताण तिथे चिरेच्या रूपानं बाहेर पडायचा. याचा नीट उलगडा १९२१ मध्ये झाला. उपाय तोच, मऊ करणं. गोळी बसवल्यावर गळा कायम ताणात असतो, त्यामुळे वर्षानुवर्षं ठेवलेल्या काडतुसाचा गळा चिरतो. ग्रँपांच्या डब्यातल्या चार पुंगळ्यांचं हेच झालं असावं, त्यांनी त्या मऊ केल्या होत्या की नाही ते त्यांना आता आठवत नाही. माझा मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होता, तिथली स्थापना १८६९ ची. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, पुंगळी प्रत्येक दाबानंतर भट्टीत जाते. तुझ्या अप्पांचंच काम, फक्त यंत्रानं."

गोळी बसवून गळा मोजला: ४४४ थाउ. चेंबर ४५०. सहा थाउ मोकळे, तासायची गरज नाही. जुलैभर ज्या कामाची धास्ती घेतली होती ते करावंच लागलं नाही.

दारू किती भरायची ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. छापील मान्यताप्राप्त पुस्तकातला सगळ्यात कमी भार घ्यायचा आणि तिथूनच सुरुवात करायची. कुणी सांगितलेला किंवा कुठं वाचलेला आकडा वापरायचा नाही, माझाही नाही. एकच सांगतो, पुंगळ्या कुणाकडून घडवून घेतल्या असतील तरी पहिल्यांदा झाडण्याआधी अनुभवी माणसाला आणि शक्य तर गनस्मिथला दाखवा. मी २० काडतुसं घेऊन गेलो आणि गनस्मिथनं प्रत्येक हातात घेऊन पाहिलं.

१७ ऑगस्टला रेंजवर गेलो. ग्रँपा चाकाच्या खुर्चीत, कानावर मफ्स. पहिली गोळी मी रायफल हातात न धरता, चौकटीत बांधून लांब दोरीनं झाडली. पुंगळी बाहेर काढली. खांद्याची कड स्वच्छ उमटली होती, पोचा गेलेला, आता ती याच चेंबरची झाली. मग खांद्यावर धरून. धक्का मोठा आहे हे ऐकून माहीत होतं, तरी पहिल्या गोळीनंतर मी काही क्षण बोललो नाही. २० पैकी एका पुंगळीचा गळा फाटला. पट्ट्याच्या वर आत वाकडी तार घालून चाचपलं, कुठं खाच लागली नाही, म्हणजे भिंत ताणली गेलेली नाही.

हिशोब मांडतो, कारण मला सुरुवातीला हाच कुणी सांगितला नव्हता. ५० पुंगळ्यांतली एक डायमध्ये गेली, तीन चुरगळल्या, एक फाटली, उरल्या ४५. डाय १४०, पुंगळ्या १३८, टॉर्च आणि तापमानाचे रंग ६०, सेरोसेफ ३०, लांबी कापायचं यंत्र ११०, ५० गोळ्या ९५. रायफल, दारू आणि प्रायमर सोडून ५७३ डॉलर. प्रेस ग्रँपांचा नसता तर आणखी दोनेकशे लागले असते. पैसे वाचवायला कुणी या वाटेनं जाऊ नये.

एक गोष्ट राहिली. या पुंगळ्यांच्या बुडावर अजून ‘.४५८ विंचेस्टर मॅग्नम’ असाच शिक्का आहे. उद्या मी नसेन आणि कुणी त्या शिक्क्यावर विश्वासून .४५८ च्या रायफलमध्ये घातल्या तर? मी प्रत्येक डब्यावर आत-बाहेर दोन्हीकडे खरं नाव आणि रायफलचा नंबर लिहिला आहे, आणि बायकोच्या लाल नेलपॉलिशनं प्रत्येक बुडाला कडं काढलं आहे. बंदूक घेऊन दुसऱ्या देशात जायचं असेल तर शिक्का आणि परवान्यावरचं नाव जुळत नाही म्हणून अडवलं जाऊ शकतं, ते आधीच विचारून घ्या. ग्रँपा १९८८ मध्ये याच कारणानं दोन तास विमानतळावर बसले होते.

९ नोव्हेंबरला तिसरा रायफल हंगाम सुरू झाला. नारिंगी जाकीट घालून मी पाच दिवस डोंगरात होतो. चौथ्या दिवशी पहाटे समोरच्या उतारावर एक नर दिसला, अंतर माझ्या सरावाच्या बाहेर होतं. मी दुर्बिणीतून तो झाडीत जाईपर्यंत बघत राहिलो. दहा काडतुसं घेऊन गेलो होतो, दहा परत आणली.

घरी आल्यावर आधी ग्रँपांकडे गेलो. ते खिडकीपाशी बसले होते. एल्कबद्दल त्यांनी नंतर विचारलं. आधी डबा मागून घेतला, एकेक काडतूस उजेडाकडे धरलं आणि गळ्यावरून सावकाश अंगठ्याचं नख फिरवत दहाही पाहिली. एकाही गळ्यावर नख अडलं नाही.